खोक्यावरचं नाव आणि वायरीतला सांधा: ओ-टू सेन्सर कुठला घ्यावा?

गेल्या मे महिन्यात एक गृहस्थ आमच्या गॅरेजात गाडी घेऊन आले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावून-दुरुस्त करून देणारे, आहेत. गाडी दहा-बारा वर्षांची, पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक. म्हणाले, "महिनाच झाला ओ-टू सेन्सर नवा टाकून. तरी इंजिनचा दिवा काय जात नाही, आणि गाडी पेट्रोल लई खायलीय बघा."

ओ-टू म्हणजे ऑक्सिजन. सायलेन्सरच्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय ते हा सेन्सर बघतो. गाडी रॅम्पवर घेतली. सेन्सर खरोखर नवा होता, चांगल्या कंपनीचा होता. पण त्याच्या वायरी वीतभर पुढे जाऊन एका काळ्या गोळ्यात शिरत होत्या. तो इन्सुलेशन टेपचा गोळा होता. वरून सोलापूरचं ऊन आणि खालून सायलेन्सरची धग खाऊन टेप काकवीसारखी चिकट झाली होती. ब्लेडने कापून उघडली. आत चार वायरी, नुसता पीळ देऊन जोडलेल्या. काळीला काळी, पांढरीला पांढरी, उरलेल्या दोन जमेल तशा. गृहस्थ शेजारी उभे राहून बघत होते. म्हणाले, "आमच्याकडं असली गाठ दिसली की चादर सेकंडच्या मालात, हलक्या प्रतीत जाते."

तो सेन्सर युनिव्हर्सल होता, म्हणजे कपलर नसलेला. कपलर म्हणजे वायरींच्या टोकाचा, गाडीच्या वायरिंगला लावायचा प्लग. चार मोकळ्या वायरी येतात, जुन्या सेन्सरचा कपलर कापून त्याला त्या जोडायच्या. गृहस्थांचा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता, रोज कुणी ना कुणी विचारतोच. "मग कंपनीचाच टाकायला पाहिजे होता का?"

याचं एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण त्यात दोन प्रश्न आहेत. सेन्सर कुणी बनवलाय हा एक, आणि तो गाडीच्या वायरिंगला कसा जोडला जाणार हा दुसरा. बॉश, डेन्सो, एनटीके या कंपन्या गाडी बनवणाऱ्यांना सेन्सर पुरवतात, स्वतःच्या खोक्यात त्याच गाडीचा कपलरवाला सेन्सर विकतात, आणि यांतल्या काही जणी युनिव्हर्सलही बनवतात. म्हणजे युनिव्हर्सल म्हटलं की हलका माल, असं नसतं. त्या जॉबरच्या गाडीत सेन्सरचा दोष काडीचाही नव्हता. दोष जोडणीत होता.

हे पटायला तो सेन्सर काय करतो आणि कसा करतो, हे थोडं बघावं लागेल.

चव बघणारा सेन्सर

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा यापेक्षा कमी पडली तर मिश्रण 'रिच' झालं म्हणतात, धूर काळा येतो, ॲव्हरेज पडतो. हवा जास्त झाली तर 'लीन', मग इंजिन अडखळतं, तापतं. बरोबर मापाला अभियंते लॅम्डा एक म्हणतात, म्हणून याच सेन्सरला लॅम्डा सेन्सर असंही नाव आहे. सायलेन्सरमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायू निवळतो, तोही लॅम्डा एकच्या अगदी आसपासच नीट काम करतो. जरा इकडे-तिकडे झालं की त्याचं काम बिघडतं.

आमटी उकळताना आपण पळीवर थोडी घेऊन चव बघतो आणि मीठ कमी वाटलं तर चिमूटभर टाकतो, तसंच हे आहे. सेन्सर धुराची चव बघतो, त्यात किती ऑक्सिजन उरलाय ते गाडीच्या कॉम्प्युटरला, म्हणजे ईसीएमला, कळवतो. ईसीएम पेट्रोल किंचित वाढवतं किंवा घटवतं. पुन्हा चव, पुन्हा चिमूट. गाडी चालू असेपर्यंत सेकंदासेकंदाला हे चालू असतं.

बॉशचा असा सेन्सर पहिल्यांदा १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत बसला. आपल्याकडे तो सर्रास यायला वेळ लागला. एक कारण पेट्रोलमधलं शिसं होतं. शिसं सेन्सरवरचा प्लॅटिनमचा थर निकामी करतं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागलं आणि वाट मोकळी झाली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाल्यापासून तर दुचाकींच्या सायलेन्सरलाही हा सेन्सर दिसतो. दुचाकीचा विषय इथेच संपवतो. बहुतेक कारच्या सेन्सरचे आटे १८ मिलिमीटरचे असतात, अनेक दुचाकींचे १२ मिलिमीटरचे. कारचा युनिव्हर्सल तिथे बसतच नाही, त्यामुळे दुचाकीला त्याच गाडीचा सेन्सर घ्या.

आता आतली रचना. सेन्सरच्या टोकाला झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची छोटी टोपी असते, शिंप्याच्या बोटातल्या अंगुस्तानासारखी. तिला आतून-बाहेरून प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरच्या बाजूला इंजिनचा धूर लागतो, आतल्या बाजूला बाहेरची साधी हवा असते. टोपी साधारण ३०० अंशांच्या वर तापली की ऑक्सिजन जास्त असलेल्या बाजूकडून कमी असलेल्या बाजूकडे सरकू बघतो, आणि या ओढीतून वीज तयार होते. दोन टाक्यांतल्या पाण्याच्या पातळीत फरक असला की मधल्या पाइपात दाब येतो, तसं.

धुरात ऑक्सिजन जवळजवळ नसेल, म्हणजे मिश्रण रिच असेल, तर फरक मोठा आणि व्होल्टेज ०.९ च्या आसपास. धुरात ऑक्सिजन भरपूर असेल, म्हणजे लीन, तर व्होल्टेज ०.१ च्या आसपास. मध्य ०.४५. एवढ्याशा, एका व्होल्टच्याही आतल्या खेळावर गाडीचं सगळं पेट्रोल ठरतं.

यातून दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसवा. एक, सेन्सरला ताप लागतो. नुसत्या धुरावर तो तापायला वेळ लागतो, म्हणून आत हीटर असतो आणि चारपैकी दोन वायरी या हीटरच्याच असतात. दुसरी गोष्ट बऱ्याच चांगल्या मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. टोपीच्या आत ती साधी हवा येते कुठून? सेन्सर तर वरून बंद दिसतो. अनेक सेन्सरमध्ये ती वायरीतूनच येते. वायरीच्या आतल्या बारीक तारांमध्ये आणि वरच्या आवरणात जी सूक्ष्म जागा असते, त्यातून हवा कपलरकडून सेन्सरपर्यंत पोचते. सेन्सर वायरीतून श्वास घेतो म्हणा ना.

आता या माहितीच्या उजेडात सांध्याकडे बघा.

सांधा कुठे बिघडतो

सोल्डर म्हणजे पक्कं काम, असं आम्ही इलेक्ट्रिशियन लोक लहानपणापासून शिकलोय. इथे मात्र सोल्डर घात करतो. वितळलेलं कथील तारांच्या फटींत शिरतं आणि हवेची वाट बुजते. सेन्सर आतून गुदमरतो, व्होल्टेज खाली-खाली घसरतं, आणि ईसीएमला वाटतं मिश्रण लीन आहे. मग ते पेट्रोल वाढवत राहतं. शिवाय या वायरी धगीत टिकाव्यात म्हणून अनेकदा साध्या तांब्याच्या नसतात, त्यांना सोल्डर नीट धरतही नाही. म्हणूनच चांगल्या युनिव्हर्सलच्या खोक्यात दाबून बसवायचे क्रिंप सांधे आणि पाणी अडवणाऱ्या स्लीव्ह दिलेल्या असतात. त्या वापरायच्या असतात. टेप लावायची नसते, नुसता पीळ तर नाहीच नाही. कपलरमध्ये ग्रीस किंवा कॉन्टॅक्ट स्प्रे मारायची सवय असेल तर तीही इथे नको, कारण हवेची वाट तीच.

रंगांचं प्रकरण याहून वाईट. बॉशच्या चार वायरींत नेहमी दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची आणि करडी सिग्नलच्या अर्थची, म्हणजे अर्थिंगची. डेन्सोच्या नेहमीच्या चार वायरींत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची आणि पांढरी अर्थची. म्हणजे एकाकडची काळी सिग्नल आणते, तर दुसऱ्याकडची काळी बारा व्होल्टचा हीटर चालवते. जॉबर गृहस्थांच्या गाडीत हेच घडलं होतं. जुना कपलर एका पद्धतीचा, नवा सेन्सर दुसऱ्या पद्धतीचा, आणि कुणीतरी डोळे मिटून रंगाला रंग जोडलेला. हीटरचे बारा व्होल्ट गेले एका व्होल्टच्या सिग्नलवर. हीटर कधी तापलाच नाही. नवा कोरा सेन्सर पहिल्याच दिवशी गेला असणार. ईसीएम वाचलं हे नशीब.

खोक्यात येणारा रंगांचा तक्ता वाचायला दोन मिनिटं लागतात. तुमच्या गाडीत युनिव्हर्सल बसत असेल तर मेकॅनिकच्या हातात तो तक्ता दिसतोय का, एवढं जरूर बघा.

सगळं नीट जोडलं, तरी दमटपणा उरतोच. पावसाळ्यात विजापूर रोडच्या बाजूने शेतात गाडी नेली की काळी माती आणि पाणी खालून थापलं जातं. वॉशिंग सेंटरवर प्रेशरचं पाणी थेट त्याच जागी मारतात. सिग्नलच्या वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे सांध्यात थोडा रोध, म्हणजे विजेला अडथळा, आला तरी तिथे फारसं बिघडत नाही. बिघडतं ते ओल्या सांध्यातून हीटरच्या वायरीची वीज शेजारच्या सिग्नलच्या वायरीत झिरपते तेव्हा. म्हणून सांधे एकाच जागी शेजारी-शेजारी घेऊ नयेत, वायरी कमी-जास्त लांबीवर कापून सांधे मागे-पुढे घ्यावेत. हीटरच्या वायरीत मात्र करंट चांगलाच असतो, तिथे ढिला सांधा स्वतःच तापतो आणि हीटरला वीज कमी पडते. वायरींची एकूण लांबी जुन्या सेन्सरएवढीच ठेवावी. लांब झाली तर सायलेन्सरला टेकून जळते, आखूड झाली तर इंजिन हललं की ताणली जाते.

हे सगळं पाळून केलेला सांधा वर्षानुवर्षं टिकतो. मी स्वतः असे केलेत, त्यातल्या काही गाड्या अजून येतात आणि दिवा पेटलेला नाही. म्हणून युनिव्हर्सलला मी वाईट म्हणत नाही. पण तो सेन्सरएवढाच जोडणाऱ्या हातावर अवलंबून आहे, आणि तो हात कुणाचा असेल हे तुम्हाला सहसा माहीत नसतं.

युनिव्हर्सल कुठे चालतो, कुठे नाही

जुन्या पेट्रोल गाडीत, जिथे सेन्सर साध्या झिर्कोनियाचा आहे, तिथे चालतो. एक वायरीचा, तीन वायरीचा, चार वायरीचा, कसाही असो. एक वायरीचा म्हणजे हीटर नाही आणि अर्थ सायलेन्सरच्या धातूतून. तीन वायरीचा म्हणजे हीटर आहे, पण सिग्नलची अर्थ धातूतूनच. युनिव्हर्सल घेताना वायरींची संख्या जुळलीच पाहिजे, आणि हीटरही तेवढ्याच ताकदीचा हवा. ईसीएम हीटरच्या सर्किटवर लक्ष ठेवतं. हीटरचा रोध त्याच्या अपेक्षेपेक्षा वेगळा आला तर सेन्सर ठणठणीत असूनही पी०१३५ किंवा पी०१४१ हा बिघाडाचा कोड टाकतं. पहिला कोड पुढच्या, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधीच्या सेन्सरच्या हीटरचा, दुसरा मागच्या, म्हणजे कन्व्हर्टरनंतरच्या सेन्सरच्या हीटरचा.

वाइडबँड सेन्सर असेल तर युनिव्हर्सलचं नावही काढू नका. साधा सेन्सर फक्त रिच आहे की लीन एवढं सांगतो. वाइडबँड किती रिच, किती लीन हे मोजून सांगतो. त्यात ऑक्सिजन आत-बाहेर ढकलणारा छोटा पंप असतो आणि त्याला लागणाऱ्या अगदी बारीक करंटवरून मोजमाप होतं. कारखान्यात प्रत्येक सेन्सर वेगळा तपासतात आणि त्याच्या मापाचा छोटासा रेझिस्टर अनेकदा कपलरच्या आतच बसवतात. कपलर कापला की ते माप गेलं. आतमध्ये काय फेकलं याची कापणाऱ्याला कल्पनाही नसते. वाइडबँड बहुतेक पाच वायरींचा असतो.

इथेच सगळ्यात मोठा खड्डा आहे. चार वायरी दिसल्या म्हणजे साधाच सेन्सर, असं समजू नका. काही जपानी गाड्यांत पुढच्या बाजूला चार वायरींचा 'एअर-फ्युएल रेशो' सेन्सर असतो. दिसायला अगदी साध्यासारखा, आटेही तेच. पण त्याची भाषा वेगळी, तो व्होल्टेज उलटसुलट नाचवत नाही, करंटवर बोलतो. तिथे साधा युनिव्हर्सल जोडला तर ईसीएमला काहीच समजत नाही. वायरी मोजून सेन्सर ओळखता येत नाही, नंबरावरूनच ओळखावा लागतो. काही जुन्या गाड्यांत टायटेनियाचा सेन्सर येतो, तो वीज तयार करत नाही, स्वतःचा रोध बदलतो. त्याच्या जागी झिर्कोनियाचा चालत नाही.

बीएस-६ गाड्यांसाठी माझं मत स्पष्ट आहे, युनिव्हर्सल नको. त्यातल्या अनेकींत पुढे वाइडबँड असतो, आणि ईसीएम प्रत्येक सर्किट आधीपेक्षा फार बारकाईने तपासतं. डिझेलच्या बीएस-६ गाडीत तर नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं मोजणारे) सेन्सर वगैरे वेगळेच प्रकार आहेत, तो विषय निराळा.

तिसरा रस्ता

बहुतेक लोक दोनच रस्ते धरून बसतात. एकीकडे गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला महागडा, दुसरीकडे युनिव्हर्सल. मधला रस्ता डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ज्या कंपनीने तुमच्या गाडीला सेन्सर पुरवला, तिचाच, तुमच्या गाडीचा कपलर लावलेला, पण तिच्या स्वतःच्या खोक्यातला सेन्सर. काही कापायचं नाही, रंग बघायचे नाहीत, कपलरला कपलर लावायचा की झालं. गाडीच्या कंपनीच्या खोक्यापेक्षा बहुतेक वेळा हा स्वस्त पडतो, आणि सांध्याची सगळी चिंता मिटते. माझ्याकडे येणाऱ्या दहापैकी आठ गाड्यांना मी हाच सांगतो.

तो शोधायला जुन्या सेन्सरवरचा नंबर लागतो. बाहेरच्या षट्कोनी भागावर किंवा त्याच्या वरच्या नळीवर बारीक अक्षरांत कोरलेला असतो. काजळी पुसून, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की दिसतो. बॉशचा असेल तर दहा आकडी आणि ०२५८ ने सुरू होतो. म्हणून जुना सेन्सर गॅरेजात टाकून येऊ नका, पिशवीत घालून घरी आणा. जॉबर गृहस्थांचा जुना सेन्सर आधीच्या गॅरेजात भंगारात गेला होता. मग चॅसिस नंबरवरून पार्टचा नंबर काढावा लागला. सात रस्त्याच्या दुकानांत मिळाला नाही, पुण्याहून मागवला, दोन दिवस गेले.

गाडीच्या कंपनीचाच खोका कधी घ्यावा? गाडी वॉरंटीत असेल तेव्हा, नंबर बाहेर मिळतच नसेल तेव्हा, किंवा मधल्या काळात कंपनीने ईसीएमचं सॉफ्टवेअर बदलून सेन्सरचा नंबरही बदललेला असेल तेव्हा. एवढंच.

चौथा प्रकार म्हणजे अर्ध्या किमतीत मिळणारा 'तोच ब्रँड'. खोका हुबेहूब, पण सेन्सरवरचा नंबर शाईने छापलेला, बोटाने घासला की पुसट होणारा. असला सेन्सर दोन महिने बरा चालतो आणि मग संथ होतो. पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, आणि खोक्यावरचा नंबर सेन्सरवरच्या नंबराशी दुकानातच जुळवून बघा.

त्याआधी, सेन्सर खरंच गेलाय का?

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. स्कॅनरवर, म्हणजे ईसीएममधले कोड वाचणाऱ्या यंत्रावर, पी०१७१ आला, म्हणजे मिश्रण लीन, की लगेच सेन्सर बदलायचा सल्ला मिळतो. अहो, सेन्सर तेच तर सांगतोय! व्हॅक्यूमची नळी फाटली असेल, पेट्रोल पंपाचा दाब कमी असेल, इंजेक्टर तुंबला असेल. तापमापी फेकून दिल्याने ताप उतरत नाही. सेन्सरच्या आधी सायलेन्सरला भेग पडली असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर भोळेपणाने लीन सांगत बसतो. पी०४२० आला तर तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या कामाबद्दल बोलतोय, मागचा सेन्सर बदलून तो सहसा जात नाही.

पी०१३३, म्हणजे सेन्सर संथ झालाय, किंवा पी०१३४, म्हणजे सेन्सर हलतच नाही, असे कोड आले तर संशय रास्त. तरी तपासा. इंजिन गरम करून साधारण दोन हजार आरपीएमवर धरा आणि स्कॅनरवर पुढच्या साध्या सेन्सरचं व्होल्टेज बघा. ०.१ ते ०.९ च्या मध्ये झपाझप वर-खाली झालं पाहिजे. मग एक व्हॅक्यूमची नळी क्षणभर काढा. जास्तीची हवा शिरली की व्होल्टेज लगेच पडलं पाहिजे, नळी लावली की लगेच सावरलं पाहिजे. ते रेंगाळलं तर सेन्सर म्हातारा झाला. मागच्या सेन्सरचं मात्र उलटं. तो शांत असायला हवा, साधारण ०.६ ते ०.७ वर टेकलेला. मागचा पुढच्यासारखा नाचायला लागला तर कन्व्हर्टर थकलाय. हीटर तपासायचा तर कपलर सोडवून मल्टिमीटरने रोध मोजा. काहीच दाखवलं नाही तर आतली तार तुटलीय.

नवा टाकण्याआधी जुना का गेला हेही बघा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल. हीटरवाला सेन्सर लाखभर किलोमीटर सहज चालतो. पन्नास हजारांतच गेला तर काहीतरी खातंय त्याला. टोकावर काळी मऊ काजळी असेल तर मिश्रण रिच आहे. तेलकट असेल तर इंजिन ऑइल जळतंय. पांढरा, रवाळ थर असेल तर कूलंट आत जातंय, किंवा कुणीतरी साधा सिलिकॉन सीलंट वापरलाय. त्या सीलंटची वाफ इंजिनात जाऊन जळते आणि सेन्सरवर काचेसारखा थर बसतो. गॅस्केटऐवजी ट्यूबमधला सीलंट थापण्याची आपल्याकडे फार सवय आहे. वापरायचाच तर ट्यूबवर सेन्सरला चालणारा असं लिहिलेला वापरा.

इथेनॉलबद्दल हल्ली सगळेच विचारतात. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने इथेनॉल बनवतात आणि पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून या मिश्रणाचं माप १४.७ वरून साडेतेराच्या आसपास येतं. पण सेन्सर पेट्रोल मोजत नाही, उरलेला ऑक्सिजन मोजतो. त्यामुळे लॅम्डा एक हे त्याच्यासाठी तेच राहतं. ई-२० मुळे सेन्सर बदलावा लागत नाही, उलट सेन्सर नीट असेल तर ईसीएम स्वतःच जुळवून घेतं. सीएनजीचं मात्र बघा. बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये सेन्सरच्या सिग्नल वायरीला फाटा काढलेला असतो, काहींत तर खोटा सिग्नल देणारी डबी जोडलेली असते. नवा सेन्सर घेण्याआधी तो फाटा शोधा. निम्म्या वेळी दुखणं तिथेच सापडतं.

बसवताना

जुना सेन्सर इंजिन कोमट असताना काढा. थंड असताना आटे घट्ट चिकटलेले असतात, तापलेलं असताना हात भाजतो. वायरीसाठी खाच असलेला २२ चा खास पाना मिळतो, तो वापरा. नव्याच्या आट्यांवर बहुतेक वेळा लेप लावूनच येतो, वरून काही चोपडू नका, आणि टोकाला बोटही लावू नका. घट्ट करताना अंगातली सगळी ताकद लावायची गरज नाही. १८ मिलिमीटर आट्यांना साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर पुरतात. टॉर्क पाना असलेल्या गॅरेजात करून घ्या.

जॉबर गृहस्थांच्या गाडीला कपलरवाला बसवला, अर्धा तासही लागला नाही. कोड पुसले. कोड पुसल्यावर ईसीएम सगळ्या तपासण्या पुन्हा सुरुवातीपासून करतं आणि त्याला शहरातलं आणि हायवेवरचं असं दोन्ही प्रकारचं चालवणं लागतं. दुसऱ्या दिवशी मंगळवार होता, ते तुळजापूरला जाणारच होते. म्हटलं जाऊन या, येताना इकडे थांबा.

संध्याकाळी आले. स्कॅनर लावला. नवा कोड नाही, साठलेलाही नाही, आणि पुढच्या सेन्सरची रेष पडद्यावर धोट्यासारखी इकडून तिकडे पळत होती. गृहस्थ खिडकीतून वाकून ती रेष बराच वेळ बघत राहिले. मग बाकड्यावर पडलेला तो टेपचा गोळा त्यांनी मागून घेतला. कारखान्यात नवीन लागलेल्या पोरांना दाखवायचाय म्हणाले.